७० तासांचे ४० तास: विमान कंपन्यांचं विलीनीकरण झालं की पायलटच्या पगाराचं काय होतं?

'विलीनीकरण' हा शब्द महाराष्ट्रात घराघरात पोहोचला तो एसटीच्या संपामुळे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला हा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. एसटी राज्य सरकारमध्ये विलीन करा, म्हणजे आम्हालाही सरकारी कर्मचाऱ्यांसारखा पगार मिळेल, ही कर्मचाऱ्यांची अपेक्षा होती.

दोन वर्षांनी विलीनीकरणावरून पायलट नाराज झाले. पण त्यांची तक्रार उलटी होती: विलीनीकरणामुळे आमचा पगार कमी होतोय.

नेमकं काय झालं होतं?

टाटा समूहाने २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडियाचा ताबा घेतला. त्यानंतर समूहाकडे दोन जोड्या झाल्या. एअर इंडिया आणि विस्तारा या पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्या, तर एअर इंडिया एक्सप्रेस आणि एआयएक्स कनेक्ट (आधीची एअरएशिया इंडिया) या स्वस्त तिकिटांच्या. स्वस्त कंपन्यांचं विलीनीकरण १ ऑक्टोबर २०२४ ला पूर्ण झालं आणि विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली.

त्याआधी सगळ्यांना एकच पगाररचना लागू करायचं ठरलं. विस्ताराच्या पायलटना आधी महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचे पैसे हमखास मिळायचे. नव्या करारात ही हमी ४० तासांवर आली. एप्रिल २०२४ च्या सुरुवातीला अनेक पायलट कामावर उपलब्ध नव्हते. काही दिवसांतच १०० हून अधिक फ्लाइट रद्द झाल्या आणि कंपनीला रोजच्या २५ ते ३० फ्लाइट कमी कराव्या लागल्या.

हमीचे तास कमी झाले तर फरक किती पडतो?

समजा, तासाचा दर ५,००० रुपये आहे. (हा आकडा फक्त हिशेबासाठी घेतलाय.)

- ७० तासांची हमी: विमान ५० तास उडवलं तरी ३.५ लाख रुपये.
- ४० तासांची हमी: ५० तास उडवलं तर २.५ लाख रुपये.
- ७० तास उडवलं तर दोन्हीकडे ३.५ लाखच.

म्हणजे तासाचा दर तोच राहिला, तरी कमी उड्डाणांच्या महिन्यात पगार घटतो. आजारपण, ट्रेनिंग किंवा विमान दुरुस्तीला गेलं की हा फटका पायलटला बसतो. कंपनीचा फायदा असा, की न झालेल्या उड्डाणांचे पैसे द्यावे लागत नाहीत आणि ४० तासांनंतर प्रत्येक तासाचे वेगळे पैसे ती देतेच.

मग जास्त उडवून कमाई का वाढवू नये? कारण रोस्टर कंपनी ठरवते. शिवाय डीजीसीएच्या नियमानुसार पायलटला वर्षात १,००० तासांपेक्षा जास्त उडवता येत नाही.

वाद फक्त पैशांचाच असतो का?

नाही. दुसरा मुद्दा सीनियॉरिटीचा. दोन कंपन्यांच्या याद्या एकत्र केल्या की कोण वर आणि कोण खाली, हा प्रश्न येतो. फर्स्ट ऑफिसर कॅप्टन कधी होणार, हे या यादीवर ठरतं आणि कॅप्टनचा पगार बराच जास्त असतो. यादीत मागे गेल्याचा परिणाम पुढची अनेक वर्षं राहतो.

असं आधीही घडलंय का?

हो. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या. पण पगार आणि बढत्यांचा प्रश्न लोंबकळत राहिला. एप्रिल-मे २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटनी समान वेतनासाठी १० दिवस संप केला. त्यानंतर न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली. तरीही २०१२ मध्ये दुसऱ्या गटाने ५८ दिवस संप केला. नव्या बोइंग ७८७ विमानांचं ट्रेनिंग कोणाला द्यायचं, हा तेव्हाचा वाद होता. थोडक्यात, कंपन्या एक होऊन पाच वर्षं झाली तरी कर्मचारी दोनच होते.

स्वस्त कंपन्यांमध्ये ठिणगी केबिन क्रूकडून पडली. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या अनेक कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. कंपनीने २५ जणांना काढलं, पण कामगार आयुक्तांसमोर चर्चा झाल्यावर त्यांना परत घेतलं.

आपल्याकडच्या मुलांनी यातून काय घ्यावं?

जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीसारख्या गावातल्या मुलीलाही बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स असेल तर पायलट होता येतं. गोंदियासारख्या ठिकाणी ट्रेनिंगची सोय महाराष्ट्रातच आहे. पण कमर्शियल लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि खर्च लाखांत जातो. शेतकरी घरात तो बहुतेक वेळा कर्ज काढूनच होतो. कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेलाच कापला जातो. त्या महिन्यात विमान ५० तास उडालं की ७०, हे बँक विचारत नाही.

म्हणून ऑफर लेटर हातात आलं की एकूण पॅकेजच्या आधी तीन गोष्टी पाहा: हमीचे तास किती, त्यापुढच्या तासाचा दर काय आणि कंपनी विलीन झाली तर सीनियॉरिटी कशी मोजणार. 'महिन्याला इतके लाख' हा आकडा जाहिरातीत दिसतो. घर चालतं ते हमीच्या तासांवर.