चांदवडचा ठराव आणि एक प्रतिकूल मत

नाशिकहून आग्रा रस्त्याने निघाले म्हणजे सुमारे चाळीस मैलांवर चांदवड लागते. रेणुकेचे देवस्थान आणि अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. परंतु स्त्रियांच्या राजकीय हक्कांचा इतिहास लिहिणारास येथील तिसऱ्याच गोष्टीची नोंद घेणे प्राप्त आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेच्या हाकेवरून लाखाच्या वर स्त्रिया येथे जमल्या, आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका सर्वस्वी स्त्रियांनीच लढवाव्या असा निश्चय झाला. पुढे १९८९ साली जळगाव जिल्ह्यातील विटनेर ग्रामपंचायतीवर केवळ स्त्रियांचेच मंडळ निवडून आले.

आता दुसरे दृश्य पाहा. लोकसभा व विधानसभा यांत स्त्रियांस एक तृतीयांश जागा देणारे विधेयक मार्च २०१० मध्ये राज्यसभेपुढे होते. ८ तारखेस काही सभासदांनी त्याच्या प्रती फाडल्या. ९ तारखेस १८६ मते अनुकूल पडली, प्रतिकूल अवघे एक. आणि ते चांदवडच्या मेळाव्याचे प्रणेते शरद जोशी यांचे!

तेव्हा जोशी पालटले असे म्हणावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. राखीव मतदारसंघ चिठ्ठीने फिरते राहिले, तर कोणताच प्रतिनिधी, पुरुष असो वा स्त्री, आपल्या मतदारसंघाची जोपासना करणार नाही, हा त्यांचा आक्षेप होता. प्रती फाडणारांचे गाऱ्हाणेही, मागास व अल्पसंख्य स्त्रियांस निराळा वाटा का नाही, हे अगदीच पोकळ नव्हते.

परंतु इतिहास हेतूंबरोबर परिणामही मोजतो. १९९६ मध्ये प्रथम मांडलेली ही योजना संमत होण्यास २०२३ साल उजाडले. त्या सत्तावीस वर्षांत स्त्रीद्वेषाची उघड भाषा क्वचितच ऐकू आली. प्रत्येकाजवळ एकेक सयुक्तिक कारण मात्र होते. प्रतिगामित्व पुष्कळदा याच सभ्य वेषाने वावरते, आणि प्रामाणिक आक्षेपही नकळत त्याच्या पथ्यावर पडतो.

अहिल्याबाईंस कोणी जागा राखून ठेवली होती काय, असा प्रश्न आमच्याकडे अजून विचारला जातो. त्यावर माझा उलट प्रश्न एवढाच : १७९५ साली त्या निवर्तल्या, त्यानंतर अशा किती झाल्या?