घरगुती इन्व्हर्टर-जोडणी

बॅटरीतल्या १२ किंवा २४ व्होल्टच्या एकदिश विजेपासून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची प्रत्यावर्ती वीज तयार करणारा इन्व्हर्टर घराच्या जुन्या वायरिंगमध्ये अशा रीतीने बसवणे, की लाईट गेल्यावर ठरावीक दिवे-पंखे त्यावर चालावेत आणि त्याची वीज कोणत्याही परिस्थितीत महावितरणच्या तारेत उलटी जाऊ नये. या व्याख्येचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. दिवे लावून देणे कोणाही हौशी माणसाला जमते. वीज उलटी गेली तर मात्र जीव जाऊ शकतो, आणि तो घरातल्या माणसाचा नव्हे, खांबावर चढलेल्या लाइनमनचा.

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत राज्यभर इन्व्हर्टरची मागणी वाढली, तशी ती इथेही वाढली. श्रीरामपूर-राहुरी पट्ट्यात त्या काळी मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था वीज पुरवीत असे; फेब्रुवारी २०११ पासून तिथलाही पुरवठा महावितरणकडे आला. भारनियमन पुढे ओसरले, पण वळवाच्या पावसात तुटणाऱ्या तारा आणि उन्हाळ्यात जळणाऱ्या डीपी यांमुळे इन्व्हर्टरची गरज संपलेली नाही.

अडचण जुन्या घरांत येते. माळवदाच्या वाड्यात लाकडी पट्टीवरून किंवा केसिंग-कॅपिंगमधून फिरवलेली वायर, पोर्सेलिनचे किटकॅट फ्यूज आणि प्रत्येक बोर्डात एकाच फेजचे लूप, अशी तिथली मांडणी असते. बोर्ड उघडला की हे लूप समोरच दिसते : बारीक वायरचा तुकडा एका स्विचच्या स्क्रूमधून दुसऱ्याच्या स्क्रूत, तिथून तिसऱ्याच्या आणि शेवटी प्लगच्या सॉकेटमध्ये गेलेला. इन्व्हर्टर जोडताना हे लूप तोडून त्याचे दोन भाग करावे लागतात. दिवे-पंख्यांच्या स्विचना इन्व्हर्टरची फेज स्वतंत्र एमसीबीतून मिळते. सॉकेट, गिझर, मिक्सर, पाण्याची मोटर मेनच्या फेजवरच राहते. घाईत एखादा तुकडा तोडायचा राहिला, तर लाईट असेपर्यंत काहीच कळत नाही, कारण तेव्हा इन्व्हर्टरच्या आतला रिले मेनचीच वीज पुढे सोडत असतो. लाईट गेल्यावर मात्र इन्व्हर्टर अख्ख्या घराला आणि सर्व्हिस वायरवाटे बाहेरच्या लाइनलाही वीज देऊ पाहतो. बहुतेक वेळा तो ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. पण सर्व्हिस वायर खांबावर तुटलेली किंवा सोडवलेली असेल तर तिच्यावर फारसा भारच नसतो, आणि लाइनमन ज्या तारेला मेलेली समजतो तिच्यात २३० व्होल्ट खेळत राहतात. अकरा हजार व्होल्टची वीज उतरवून देणारी डीपी उलट्या बाजूनेही चालते, म्हणजे खालून वीज मिळाली तर वर हजारो व्होल्ट उभे करू शकते. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून भिंतीतल्या सॉकेटमधून घराला वीज देणे हा याच धोक्याचा सर्वांत वाईट प्रकार. तो कधीही, कोणत्याही निमित्ताने करू नये.

फेजची काळजी सगळे घेतात, न्यूट्रल मात्र गृहीत धरले जाते. खरी चूक तिथे होते. घरात आरसीसीबी असेल तर इन्व्हर्टर-लाइनची फेज आणि तिचे न्यूट्रल दोन्ही एकाच आरसीसीबीतून गेली पाहिजेत. फेज एकीकडून आणि न्यूट्रल दुसरीकडून परतले, की जाण्या-येण्याच्या प्रवाहात फरक पडून आरसीसीबी सारखी ट्रिप होते. मग कंटाळून लोक तीच काढून टाकतात. म्हणजे ३० मिलिअँपियर गळतीवर माणसाला वाचवणारे साधनच घरातून जाते. मेनजवळची आरसीसीबी इन्व्हर्टरवर चालू असताना पुढच्या लाइनचे रक्षण करीलच असे नाही, म्हणून आउटपुटवर वेगळी बसवणे चांगले. ज्या सॉकेटमध्ये इन्व्हर्टरचा प्लग जातो तिथे फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे आणि अर्थ वर, हे आधी तपासावे.

काही वाड्या-वस्त्यांवर न्यूट्रल तुटले की जमिनीत सळई ठोकून ‘अर्थवर’ दिवे चालवतात. अशा घरात इन्व्हर्टर जोडूच नये. आधी न्यूट्रल दुरुस्त करून घ्यावे. अर्थिंगची गोष्ट जमिनीशी बांधलेली आहे. पारनेरच्या खडकाळ माळावर आणि मुरमात अर्थ नीट लागत नाही. काळी माती पावसाळ्यात उत्तम वाहक असते, पण एप्रिल-मेमध्ये ती भेगाळून सुकली की रोध वाढतो. मीठ-कोळसा घालून केलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतत राहणे हे शेवगाव-पाथर्डीकडे इन्व्हर्टर विकत घेण्याइतकेच आवश्यक काम आहे.

बॅटरीच्या बाजूला व्होल्टेज कमी, म्हणून धक्क्याची भीती नाही. पण प्रवाह प्रचंड असतो. १२ व्होल्टवर ६०० वॅटचा भार म्हणजे ५० अँपियरहून जास्त. त्यामुळे तिथली केबल जाड आणि आखूड हवी, धन टोकाजवळ फ्यूज हवा, आणि पाना लावण्यापूर्वी हातातले कडे-अंगठी काढलेली हवी. दोन्ही टोकांवर पाना आडवा पडला तर तो तापून लाल होतो. चार्ज होताना लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, म्हणून ती देवघराच्या कोनाड्यात, बंद कपाटात किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नये. उन्हाळ्यात पाणी लवकर आटते. डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाचे किंवा बोअरचे नाही. १५० अँपियर-तासांची बॅटरी कागदोपत्री १८०० वॅट-तास देते. तूट धरता चारशे वॅटच्या भारावर ती तीन-साडेतीन तासांच्या वर सहसा जात नाही.

छतावरच्या सौर यंत्रणेबद्दल एक गैरसमज आहे. नेट मीटरला जोडलेला बिनबॅटरीचा सौर इन्व्हर्टर लाईट गेल्यावर मुद्दाम बंद होतो. तो बिघाड नव्हे, लाइनमनसाठी घातलेले संरक्षण आहे. ते चुकवायचा प्रयत्न करू नये.

ही जोडणी परवानाधारक विद्युत कंत्राटदाराच्या वायरमनकडून करून घ्यावी. मेन बंद, बॅटरी सुटी, आणि तारेत वीज नाही याची मल्टिमीटरने खात्री, यानंतरच त्याने बोर्डाला हात लावावा. टेस्टरचा दिवा नुसत्या प्रेरणानेही लुकलुकतो, त्यावर विसंबू नये. इन्व्हर्टर दुरुस्तीला गेल्यावर वायरी पिळून टेप गुंडाळायची वेळ येऊ नये म्हणून सुरुवातीलाच चेंजओव्हर स्विच बसवावा.

काम झाल्यावर वायरमन निघण्यापूर्वी मेन स्विच पाडायला सांगा. इन्व्हर्टरवर ठरलेले दिवे लागले पाहिजेत, मिक्सरचे सॉकेट मेलेले असले पाहिजे, आणि मेन स्विचच्या घराकडच्या फेज-टर्मिनलवर मीटरने शून्य दाखवले पाहिजे. तिथे व्होल्ट दिसले तर काम अपुरे आहे. पैसे देऊ नका, बोर्ड पुन्हा उघडायला लावा. मीटरपेटीवर ‘येथे इन्व्हर्टर आहे’ असे ठळक लिहा, आणि तुमच्या खांबावर कोणी चढणार असेल तर त्याला आधी सांगून इन्व्हर्टर बंद करा.