मामाचा ईईजी आणि थोडा इतिहास

गेल्या पावसाळ्यात सदरला रेसिडेन्सी रोडवर मामाची स्कूटर घसरली. हेल्मेट हँडलला लटकवलेलं! डोक्याची जखम महिन्याभरात भरली, पण मामा मंदावला. बोलता बोलता शब्द हरवायचा, मग चिडायचा.

ईईजी काढायला मी सोबत गेलो होतो. डोक्याला पेस्ट लावून वायरी चिकटवल्या. "डोळे मिटा काका," म्हटलं की निरोगी माणसाच्या डोक्याच्या मागच्या भागातून सेकंदाला ८ ते १३ अशा लाटा उमटतात. मार लागलेला मेंदू बरेचदा याहून संथ लाटा काढतो. मामाच्याही संथ होत्या. "म्हणजे हे बरे होतील ना?" मामीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "ताई, एवढं हा कागद सांगत नाही."

घरी आल्यावर कुणीतरी मोबाईलवर जाहिरात दाखवली, डोक्याला करंट देऊन स्मरणशक्ती वाढवणारं यंत्र! घरातला 'वाचणारा' म्हणून मामीनं मला विचारलं. मग वाचत बसलो.

गंमत म्हणजे माणसाच्या मेंदूत आधी करंट सोडला गेला, लाटा नंतर मोजल्या. १८७४ साली अमेरिकेत सिनसिनाटीला डॉ. बार्थोलो यांनी मेरी रॅफर्टी नावाच्या बाईच्या मेंदूत सुया घालून करंट दिला. कॅन्सरच्या व्रणामुळे तिची कवटी उघडी पडली होती. हात-पाय हलले. मग त्यांनी करंट वाढवला, तिला झटका आला आणि काही दिवसांत ती गेली. पुढे पन्नास वर्षांनी, १९२४ मध्ये, जर्मनीत येना इथं हान्स बर्गर यांनी पहिल्यांदा माणसाच्या मेंदूच्या लाटा टिपल्या, त्याही ऑपरेशनमुळे कवटीचं हाड नसलेल्या एका मुलाच्या. पाच वर्षं तपासत बसले, मग १९२९ ला छापलं. एकाला घाई, दुसऱ्याला धीर!

दोन्ही वाटा कॅनडात माँट्रियलला एकत्र आल्या. जुन्या जखमेच्या व्रणामुळे फिट येणाऱ्यांचा मेंदू डॉ. पेनफिल्ड जागेपणीच हलक्या करंटनं तपासत, आणि त्यांचे सहकारी जॅस्पर लाटा बघत. त्यांच्याकडे शिकलेले डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग काढला.

आणि उपचार? २००७ मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, मारहाणीनंतर सहा वर्षं जेमतेम शुद्धीत असलेल्या एका माणसाच्या मेंदूत खोलवर तारा बसवल्या होत्या. तो काही शब्द बोलू लागला, तोंडानं जेवू लागला. २०२३ मध्ये पाच जणांवरचा असाच प्रयोग प्रसिद्ध झाला. अपघाताला वर्षं उलटून गेली होती, तरी त्यांची एकाग्रता आणि विचारांचा वेग सुधारला. पण ऑपरेशन करून, आणि फक्त पाच जण. डोक्यावरून हलका करंट देण्याचेही प्रयोग सुरू आहेत, निकाल उलटसुलट आहेत.

मामीला एवढंच सांगितलं, "आशा खोटी नाही मामी, पण जाहिरात अजून खरी नाही." यंत्र मागवलं नाही. व्यायाम, शब्दांचा सराव आणि झोप, हेच चालू आहे.

परवा मामानं मंगळवारी बाजारातून भाजी आणली आणि तोंडी हिशेब सांगितला. दहा रुपये चुकला. मामी काही बोलली नाही, फक्त पिशवी घेतली.

असो. हेल्मेट घालत जा मंडळी, डोक्यावर!