कोंबड्या, कोंडा आणि एक चुकीचा अर्थ

कोंबड्यांना भाताचा कोंडा घालतात, पण त्यात औषधी काय असतं? हे कळलं जावा बेटावर. 1889 च्या सुमारास बटाव्हियात (आजचं जाकार्ता) डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमन जीवघेण्या बेरीबेरीचे जंतू शोधत होते. तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या कोंबड्याच लुळ्या पडल्या आणि पुढे आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशीत कळलं, मधल्या काळात त्यांना इस्पितळातला उरलेला पांढरा भात मिळत होता. कोंडा दिला की त्या सुधारत. आइकमनना वाटलं, भातात विष आणि कोंड्यात उतारा. त्यांचं काम पुढे नेणारे खेरिट ग्रेन्स 1901 मध्ये म्हणाले, विष नाहीच. सडलेल्या तांदळात काहीतरी कमी आहे. तेच आजचं बी-1 जीवनसत्त्व. आइकमनचं निरीक्षण पक्कं होतं, फसला तो अर्थ. म्हणून वहीत दोन्ही वेगवेगळे लिहा.