हौशी म्हणजे कोण? रग्बीचे जुने क्लब आणि आपली कबड्डी मंडळं

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, आणि पुढचा विषय रग्बी? भंडाऱ्यात रग्बी कोण खेळतो?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे धानाच्या बांधीत रोवणीच्या दिवसांत जे चालतं ते पाहून एखाद्या इंग्रजाला रग्बी आठवेल कदाचित, पण त्यापलीकडे आपला त्या खेळाशी संबंध नाही. तरीही आज आपण रग्बीकडून सुरुवात करणार आहोत. आपल्या कबड्डी मंडळांच्या घटनेत एक शब्द बसलेला आहे, तो शब्द ज्या भांडणातून आला ते भांडण रग्बीच्या क्लबांत सर्वांत कडाक्याने झालं. तो शब्द म्हणजे 'हौशी'.

आपल्या भाषेत हौस हा फार गोड शब्द आहे. हौसेला मोल नाही म्हणतात. जत्रेला हौसे, नवसे, गवसे असे तिघंही येतात, आणि त्यात हौशाला आपण वरचा मान देतो, कारण त्याला काही मागायचं नसतं. इंग्रजी 'ॲमॅच्युअर'चं मूळही लॅटिनमधल्या प्रेम करण्याशी जोडलेलं आहे. म्हणजे दोन्हीकडे अर्थ प्रेमाचाच. पण इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात या शब्दाला कायद्याचं कलम केलं गेलं, आणि कलम झालं की प्रेमाच्या शब्दाचंही कुंपण होतं.

आधी एक चांगली गोष्ट सांगतो, ती आपल्याच देशातली आहे. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात इंग्रज मंडळींनी रग्बीचा सामना भरवला. एका बाजूला इंग्लंडचे वीस, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून वीस. त्यातून पुढच्या महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. नावात फुटबॉल असलं तरी खेळ रग्बीचा. सुरुवातीला सभासद भरपूर. त्याचं एक कारण क्लबातली मोफत दारू, असं इतिहासकार सांगतात, आणि ती बंद झाल्यावर गर्दीही ओसरली. लोक पोलोकडे, टेनिसकडे वळले. उकाड्यात त्या खेळात दम लागतो, हेही खरंच.

क्लब बंद करायची वेळ आली तेव्हा खात्यात पैसे शिल्लक होते. आता मंडळी, तुम्हीच सांगा, बंद पडणाऱ्या मंडळाच्या शिलकीचं आपल्याकडे काय होतं? जेवणावळ होते, नाहीतर ती शिल्लक 'अध्यक्षांकडे आहे' एवढंच वीस वर्षं ऐकू येतं. कलकत्त्याच्या क्लबाचे कप्तान, सचिव आणि खजिनदार या तिन्ही खुर्च्यांवर जेम्स रॉथनी नावाचा एकच गृहस्थ होता. ही व्यवस्था आम्हाला एरवी मुळीच पसंत नाही. पण या गृहस्थाने सुचवलं की बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांचा चषक करावा आणि तो लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनला द्यावा. तसं झालं. चषकाला तीन नागांच्या मुठी, झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या चषकासाठी खेळतात, आजही खेळतात. क्लब पाच-सहा वर्षंच जगला, पण त्याचा हिशेब मात्र शेवटच्या रुपयापर्यंत लागलेला आहे आणि सगळ्यांना दिसतो.

आता इंग्लंडच्या उत्तरेकडे जाऊ. यॉर्कशर आणि लँकशर म्हणजे कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्या. तिथे रग्बी कामगारांत पसरली. कामगाराला शनिवारी अर्धा दिवस सुटी. सामना लांबच्या गावी असला की सकाळची पाळी बुडायची आणि पाळी बुडाली की मजुरी बुडायची. लंडनच्या बाजूला खेळणारे वकील, डॉक्टर, सैन्याचे अधिकारी. त्यांचं शनिवारी काहीच बुडत नव्हतं. उत्तरेच्या क्लबांची मागणी एवढीच होती की खेळाडूला बक्षिसी नको, पगार नको, फक्त खेळामुळे बुडालेली मजुरी भरून द्यायची परवानगी द्या.

२० सप्टेंबर १८९३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर पॅलेस हॉटेलात युनियनची सर्वसाधारण सभा झाली. उत्तरेचे प्रतिनिधी खास गाड्या करून आले होते. ठराव १३६ विरुद्ध २८२ मतांनी पडला. त्या २८२ मधली बरीच मतं सभेला न आलेल्या क्लबांची होती, इतरांनी ती लिहून आणली होती. आपल्याकडे सभेच्या आदल्या रात्री कोऱ्या कागदांवर सह्या गोळा होतात, ते पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. पण खरी मेख पुढे आहे. त्यानंतर युनियनने एक पोटनियम केला. सर्व सभासद हौशी असतील असेच क्लब घेतले जातील, मुख्यालय लंडन राहील आणि सर्वसाधारण सभा तिथेच भरतील. पाहा, हौशीपणाचं कलम आणि सभेचं ठिकाण एकाच वाक्यात! आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. या दोन विधानांचा एकमेकांशी तार्किक संबंध काय, असं विद्यार्थ्यांना विचारलं असतं तर त्यांनी 'काही नाही' असं लिहिलं असतं. इतिहासाच्या पेपरात मात्र हे उत्तर चुकलं असतं. कोण खेळेल आणि कोण ठरवेल, हे दोन्ही प्रश्न तिथे एकाच फटक्यात मिटवले गेले.

हौशीपणाची तपासणी किती कडक होती? १८८८ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्याला निघालेल्या हॅलिफॅक्सच्या क्लाउज नावाच्या खेळाडूने कपडेलत्ते घ्यायला १५ पौंड घेतले. तेवढ्यावरून तो व्यावसायिक ठरला, आणि दौऱ्यावर जाऊनही त्याला खेळता आलं नाही.

शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि वेगळे झाले. बावीस क्लबांची नॉर्दर्न युनियन उभी राहिली. त्यांनी बुडीत मजुरी ठरवली, दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. पुढे त्यांनी खेळाडू तेरा केले, नियम बदलले, आणि तो खेळ आज रग्बी लीग म्हणून ओळखला जातो. जुना तो रग्बी युनियन. एका खेळाचे दोन खेळ झाले ते सहा शिलिंगांपायी. मग १९९५ च्या ऑगस्टअखेर, शंभर वर्षांना दोन-तीन दिवस कमी असताना, रग्बी युनियननेही पैसे देण्या-घेण्यावरची बंदी उठवली.

भारतात रग्बी मूठभरांचा खेळ राहिला. मुंबईत १८७५ च्या बाँबे जिमखान्यासारख्या संस्थांनी तो जपला. राष्ट्रीय संघटना आली ती थेट १९९८ मध्ये. म्हणून आपल्यापुरता हा इतिहास रग्बीच्या मैदानात संपतो, आणि कबड्डीच्या मैदानात सुरू होतो.

हुतुतूला नियम नव्हते असं नाही, पण प्रत्येक गावाचे वेगळे. १९२० च्या दशकात साताऱ्यात, बडोद्यात ते लिहून काढले गेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, म्हणजे आपल्याच जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या मंडळींनी, जर्मनीत देशी खेळ करून दाखवले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. १९७२ मध्ये जो महासंघ आला त्याच्या नावातच 'ॲमॅच्युअर', मराठीत 'हौशी'. गंमत अशी की १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, पण कबड्डीत आणि क्रिकेटमध्ये विदर्भाची घटक संघटना वेगळी ती वेगळीच राहिली. राज्याचा नकाशा बदलणं सोपं, संघटनेचं मत सोडणं अवघड.

आणि बुडीत मजुरीचं काय? आपण एक देशी तोड काढली. चांगल्या खेळाडूला रेल्वेत, पोलिसात, बँकेत नोकरी लागायची. तो हजेरीपटावर कारकून किंवा शिपाई, मैदानात हौशी. यात ढोंग आहे असं कोणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही, कारण त्या नोकऱ्यांनी कित्येक घरं उभी राहिली. पण ही सोय शंभरातल्या एकाला. बाकी नव्व्याण्णव तालुक्यातच खेळले.

तालुक्यात कसं असतं ते सांगतो. भाताची कापणी झाली, दिवाळीनंतर मंडई लागली, की आपल्याकडे रात्रीचे सामने सुरू होतात. मंडळ नोंदवायला १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात जण लागतात. मैदानात उतरायलाही सातच. पण मैदानातले सात आणि कागदावरचे सात फार क्वचित एक असतात. कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, तोही नव्वद दिवसांत. तो दिला जात नाही, म्हणून कागदावर दिवंगत माणसं उपाध्यक्ष राहतात. आणि बातमी? वर्तमानपत्रातली स्पर्धेची बातमी काढून पाहा. उद्घाटक, प्रमुख पाहुणे, 'याप्रसंगी उपस्थित' अशी अकरा नावं. ज्याने शेवटच्या चढाईत तीन गडी मारले त्याचं नाव नाही. हडर्सफील्डची गावपत्रं आपल्या खेळाडूंची बाजू घेऊन लंडनशी भांडत होती, एवढा फरक.

आता आमची गोष्ट. आम्ही तरुण प्राध्यापक असताना अशाच एका मंडळाचे सचिव होतो. नाव सांगत नाही. संघात विडी वळणाऱ्या घरातला एक पोरगा होता, उजव्या कोपऱ्यात खेळायचा. त्याच्या हातून माणूस सुटत नसे. बाहेरगावी तीन दिवसांची स्पर्धा होती. तो म्हणाला, येतो, पण तीन दिवसांची मजुरी द्या. हजार विड्यांमागे जे मिळतं तेवढंच. मंडळाकडे पैसे होते. उद्घाटनाच्या हारांना, मंडपाला आम्ही ते देतच होतो. तरी कार्यकारिणीने नाही म्हटलं, आणि ठराव आम्ही लिहिला. 'मंडळ हौशी असल्याने खेळाडूस मोबदला देता येत नाही.' हडर्सफील्ड आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर वेगळं वागलो असतो, अशी खात्री देता येत नाही. तो पोरगा आला नाही. पुढच्या वर्षीही आला नाही.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी आली. पहिल्याच लिलावात राकेश कुमारला १२ लाख ८० हजार मिळाले, आणि हौशी शब्द महासंघाच्या पाटीवर तसाच राहिला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या महासंघाच्या निवडणुका रद्द ठरवून प्रशासक नेमला. २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. कार्यकारिणी जास्तीत जास्त पंधरा जणांची, त्यात किमान चार महिला आणि दोन नामवंत खेळाडू. वयाची अट सत्तरीची, अपवादाने पंचाहत्तर, म्हणजे आमचा नंबर गेला आणि बरं झालं. रोख राष्ट्रीय महासंघांवर आहे. तालुक्याच्या मंडळाला अजून तीच सात सह्यांची वही.

ती वही गेल्या वर्षी आमच्याकडे आली. मंडळ आता नावालाच आहे. जागेच्या कागदांसाठी जुने ठराव हवे होते, म्हणून मुलं घेऊन आली. आमच्याच अक्षरातला तो ठराव सापडला. आम्ही त्या गृहस्थाचं घर शोधून गेलो. तेही आता साठीच्या पलीकडे. वही पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ठराव वाचला, खालच्या सातही सह्या वाचल्या, वही मिटली.

"तवा हजार विड्यांची मजुरी किती होती, आठवते का जी सर?"

आम्हाला आठवत नव्हतं. त्यांनी सांगितली, पैशांसकट.