ॲबी थिएटर : संचालक मंडळ

आयर्लंडच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा, म्हणजे डब्लिनच्या ॲबी थिएटरचा, कारभार पाहणारे मंडळ. 1905 मध्ये तीन नाटककारांनिशी सुरू झालेल्या या मंडळावर पुढे अर्थशास्त्रज्ञ, प्राध्यापक, डॉक्टर, माजी मंत्री, ग्रंथपाल, सरकारी नोकर आणि न्यायाधीश येऊन गेले. नाट्यगृहाच्या खर्चाचा भार कोण उचलतो यावर मंडळात कोण बसणार हे बऱ्याच अंशी ठरत गेले. मात्र सदस्याच्या व्यवसायावरून त्याच्या मताचा अंदाज बांधता येतोच असे नाही, हेही या मंडळाच्या इतिहासात दिसते.

लेखकांचे मंडळ (1905–1925) : ॲबीचा पडदा 27 डिसेंबर 1904 रोजी प्रथम उघडला. वास्तूचा खर्च ॲनी हॉर्निमन यांनी केला. पाकीटबंद चहाच्या व्यापारात नाव मिळवलेल्या इंग्लिश घराण्याच्या त्या वारस होत्या. त्या आयर्लंडच्या रहिवासी नसल्याने प्रयोगांचा परवाना लेडी ऑगस्टा ग्रेगरी यांच्या नावे घेण्यात आला. पुढल्या वर्षी नाट्यसंस्थेचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले आणि विल्यम बटलर येट्स, लेडी ग्रेगरी व जॉन मिलिंग्टन सिंग हे संचालक झाले. तोवर नटमंडळींनाही निर्णयांत मत होते. ते बहुतांशी गेल्याने काही नट 1906 मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्र संस्था काढली. हॉर्निमन यांनी पैसा पुरवला, परंतु संचालकपद त्यांच्याकडे कधीच नव्हते.

तिघेही आयर्लंडमधील प्रोटेस्टंट घराण्यांतले, तर डब्लिनचा प्रेक्षक प्रामुख्याने कॅथलिक होता. येट्स हे चित्रकाराचे पुत्र आणि कवी. 1922 पासून सहा वर्षे ते आयरिश सिनेटचे सदस्य होते व 1923 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. लेडी ग्रेगरी गॉलवे परगण्यातील जमीनदार घराण्यातल्या. त्यांचे पती सर विल्यम ग्रेगरी सिलोनचे गव्हर्नर होते; पतीच्या निधनानंतर त्या लोककथांचे संकलन व नाट्यलेखन यांकडे वळल्या. सिंग यांनी जर्मनीत संगीताचे शिक्षण घेतले होते आणि ॲरन बेटांवर राहून तिथल्या लोकांची बोली टिपली होती. त्यांच्या ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ या नाटकावरून जानेवारी 1907 मध्ये प्रेक्षागृहात दंगल उसळली, तेव्हा संचालकांनी प्रयोग थांबवले नाहीत.

सिंग 1909 मध्ये वारले. पुढच्या वर्षी राजे सातवे एडवर्ड यांच्या निधनानंतर नाट्यगृह बंद न ठेवता उघडे राहिले. यावरून हॉर्निमन यांच्याशी बिनसले आणि त्यांची मदत थांबली. याच कालखंडात, 1913 मध्ये, रवींद्रनाथ टागोर यांच्या ‘डाकघर’ नाटकाच्या इंग्रजी अनुवादाचा प्रयोग ॲबीत झाला. नाटककार व व्यवस्थापक लेनक्स रॉबिन्सन 1923 मध्ये संचालक झाले, तरी मंडळ लेखकांचेच राहिले.

सरकारनियुक्त सदस्य (1925 पासून) : स्वतंत्र आयर्लंडच्या सरकारने 1925 मध्ये ॲबीला 850 पौंडांचे वार्षिक अनुदान दिले. इंग्रजी भाषक जगात राज्यसंस्थेकडून असे अनुदान मिळवणारे हे पहिले नाट्यगृह मानले जाते. अनुदानाबरोबर सरकारचा एक प्रतिनिधी मंडळावर आला. पहिले प्रतिनिधी जॉर्ज ओब्रायन हे आयर्लंडच्या आर्थिक इतिहासाचे अभ्यासक होते. नाटककार शॉन ओकेसी यांच्या ‘द प्लाऊ अँड द स्टार्स’मधील वेश्येचे पात्र व काही संवाद यांना त्यांनी हरकत घेतली. अनुदान की स्वातंत्र्य अशी वेळ आली तर स्वातंत्र्य निवडू, अशी लेडी ग्रेगरी यांची भूमिका होती. काही काटछाट करून नाटक फेब्रुवारी 1926 मध्ये रंगमंचावर आले. वेश्येचे पात्र कायम राहिले.

ओब्रायन यांच्यानंतर आलेले वॉल्टर स्टार्की हे ट्रिनिटी कॉलेजात स्पॅनिशचे प्राध्यापक होते आणि व्हायोलिन वाजवत जिप्सींबरोबर भटकलेले लेखकही होते. 1928 मध्ये ओकेसींचे ‘द सिल्व्हर टासी’ येट्स, ग्रेगरी व रॉबिन्सन या तीन नाटककारांनी नाकारले; ते करून पाहावे असे मत सरकारनियुक्त स्टार्कींचे होते. ॲबीने नाटक परत केल्याने ओकेसी दुरावले आणि नाटक 1929 मध्ये लंडनमध्ये रंगमंचावर आले.

विस्तार (1934–1941) : लेडी ग्रेगरी यांच्या निधनानंतर (1932) मंडळ वाढवण्यात आले. 1934 मध्ये डॉ. रिचर्ड हेज आले. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या 1916 च्या उठावात भाग घेतलेले हे डॉक्टर आयर्लंडच्या संसदेत होते, फ्रान्समधील आयरिश लोकांचे इतिहासकार होते आणि पुढे सरकारी चित्रपट सेन्सॉर झाले. 1935 मध्ये तिघांची भर पडली : माजी अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइद, कारकुनी, कामगार संघटना व नियतकालिकांचे संपादन असा प्रवास केलेले कवी एफ. आर. हिगिन्स, आणि पूर्वी ॲबीत नट असलेले कादंबरीकार ब्रिन्स्ली मॅकनमारा. सात जणांच्या या मंडळात एकही स्त्री नव्हती. त्याच वर्षी ‘द सिल्व्हर टासी’ अखेर ॲबीत सादर झाले. त्याला जाहीर विरोध करणाऱ्या मॅकनमारांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी आलेले कथाकार फ्रँक ओकॉनर पेशाने ग्रंथपाल होते. येट्स यांच्या निधनानंतर, 1939 मध्येच, तेही मंडळाबाहेर गेले.

ब्लाइद यांचा काळ (1941–1967) : हिगिन्स यांच्या अकाली निधनानंतर ब्लाइद व्यवस्थापकीय संचालक झाले आणि पाव शतकाहून अधिक काळ त्या पदावर राहिले. लिझ्बर्नजवळच्या प्रोटेस्टंट शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या ब्लाइद यांनी आयरिश भाषा शिकण्यासाठी केरी परगण्यात शेतमजुरी केली होती. 1925 चे अनुदान त्यांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळातले. आणि त्याआधी वृद्धांच्या निवृत्तिवेतनातून आठवड्याला एक शिलिंग कापणारे मंत्रीही तेच. भाषाप्रेम आणि काटकसर या दोन्ही गोष्टी ॲबीच्या कारभारात उतरल्या. नव्या नटांना आयरिश येणे आवश्यक ठरले आणि 1945 पासून नाताळात आयरिश भाषेतील संगीतमय खेळ होऊ लागले. प्रयोगांचा दर्जा घसरल्याचा निषेध 1947 मध्ये कवी व्हॅलेंटिन आयरमंगर यांनी प्रयोगाच्या वेळीच प्रेक्षागृहात उभे राहून केला. ॲबीने नाकारलेले जॉन बी. कीन यांचे ‘साइव्ह’ 1959 मध्ये लिस्टोल गावच्या हौशी मंडळींनी केले, त्याने राष्ट्रीय हौशी स्पर्धा जिंकली आणि त्यांचा प्रयोग ॲबीला आपल्या रंगमंचावर बोलवावा लागला. ॲबीच्या इमारतीला 1951 मध्ये लागलेल्या आगीनंतर संस्था क्वीन्स थिएटरमध्ये होती. नवी इमारत 1966 मध्ये उघडली.

सद्यःस्थिती : ब्लाइद निवृत्त झाल्यावर व्यवस्थापन व कलाविषयक निर्णय यांची विभागणी स्पष्ट होत गेली. नाटकांची निवड कलासंचालकाकडे आणि हिशेब, धोरण व नेमणुका मंडळाकडे, अशी ही विभागणी आहे. 2004 मधील शताब्दी वर्षात आर्थिक संकट ओढवले. त्यानंतर जुनी कंपनी मोडून 2006 मध्ये नवी उभारण्यात आली. तेव्हापासून कायदा, अर्थकारण व प्रशासन यांतील अनुभव मंडळावर ठळकपणे दिसतो : उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ब्रायन मॅकमहोन आणि 2017 पासून अर्थतज्ज्ञ फ्रान्सिस रुआन यांनी अध्यक्षपद सांभाळले. 2016 साठी जाहीर केलेल्या दहा नाटकांपैकी एकच स्त्रीने लिहिलेले होते; त्यावरून नाट्यक्षेत्रातील स्त्रियांनी 2015 मध्ये उभारलेल्या चळवळीनंतर मंडळाने लिंगसमानतेची तत्त्वे स्वीकारली. नाटककारांच्या हाती असलेली संहितेची निवड आता मंडळाकडे नाही, मात्र त्या निवडीबद्दल जाब मंडळालाच द्यावा लागतो.