साष्टीचे दप्तर : गावाचे नाव आणि अभिलेखाची मागणी

मुंबईच्या उत्तरेकडील ज्या बेटावर आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे पसरली आहेत, त्याचे ‘साष्टी’ हे नाव ‘षट्षष्टी’ या संख्यावाचक शब्दापासून आले, ही व्युत्पत्ती सर्वपरिचित आहे. सहासष्ट गावांचा समूह ती साष्टी. भूप्रदेशाला डोंगरावरून वा नदीवरून नाव न पडता गावांच्या मोजदादीवरून पडावे, ही गोष्ट महसुली दप्तराच्या अभ्यासकास विशेष अर्थपूर्ण वाटेल. कारण दप्तराच्या लेखी हे बेट अद्यापि गावांचाच समूह आहे. बोरिवली स्थानकालगत राहणाऱ्या कुटुंबाची जागा कागदोपत्री मौजे एक्सर वा मौजे मागाठाणे येथे असू शकते. अंधेरीकराची मोगरा, आंबिवली, गुंदवली किंवा कोंडिविटे येथे. घाटकोपरमधील पुष्कळशी जमीन मौजे किरोळची आहे. रेल्वेने व टपालाने रूढ केलेली नावे या दप्तराने क्वचितच स्वीकारली.

यात नवल मानण्याचे कारण नाही. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत एका शेताच्या दानाच्या संदर्भात जे ‘मंगलठाण’ येते, ते आजचे मागाठाणे होय असे मानले जाते. ते ग्राह्य धरल्यास बोरिवलीच्या एका गावाचे नाव जमिनीच्या नोंदीतून दीड सहस्रकाहून अधिक काळ चालत आले आहे.

गावे स्थिर राहिली, परंतु त्यांचे मालक व कचेऱ्या मात्र वारंवार बदलल्या. १५३४ च्या तहाने वसईबरोबर साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ती घेतली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने बेटावरील त्यांचा ताबा कायम झाला. पुढे ठाणे जिल्ह्यातून १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा निघाला. बृहन्मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. तत्पूर्वी काही काळ बोरिवली व मुलुंड यांचा महसुली कारभार ठाणे जिल्ह्याकडे होता. १९९० मध्ये उपनगर जिल्हा पुन्हा स्वतंत्र झाला. त्याचे तीन तालुके अंधेरी, बोरिवली व कुर्ला, आणि मुख्यालय वांद्रे. घाटकोपर व मुलुंड ही दोन्ही कुर्ला तालुक्यात मोडतात, हे तेथील कित्येक रहिवाशांनाही ठाऊक नसते.

सत्तांतराबरोबर कागदांची भाषा, लिपी व ठिकाण ही तिन्ही बदलली. पोर्तुगीज अमलातील कागदांसाठी गोव्याच्या पुराभिलेखाकडे वळावे लागते. आणि तेथे ‘साष्टी’ म्हणून विचारणा केली असता मडगावकडील साष्टीचे कागद पुढे येण्याचा संभव असतो, कारण त्या महालाचे नावही सहासष्ट गावांवरूनच पडलेले आहे. मुंबईकडील साष्टी तेथे वसईच्या व ‘उत्तर प्रांता’च्या कागदांत शोधावी लागते. सिमांव बोतेल्यु याने १५५४ मध्ये सिद्ध केलेल्या महसुली टोंबात वसईच्या मुलखाचा हिशेब आहे. मराठी अमलाचे कागद पुण्यास पेशवे दप्तराच्या रुमालांत, मोडीत आहेत. कंपनी सरकारचे कागद मुंबई पुराभिलेखागारात, १८२१ साली स्थापन झालेल्या जुन्या रेकॉर्ड ऑफिसच्या परंपरेत, मुख्यतः इंग्रजीत आहेत. एकाच गावाचे नाव पोर्तुगीज लेखक एका प्रकारे, मोडी कारकून दुसऱ्या प्रकारे आणि इंग्रज कलेक्टर तिसऱ्या प्रकारे लिहितो. वेसावे व वर्सोवा ही एकच जागा आहे हे आज सांगावे लागत नाही. परंतु रोमन वर्णक्रमाने लावलेल्या सूचीत त्यांच्यामध्ये कित्येक पृष्ठे असू शकतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नाही व शब्दही सलग लिहिले जातात, हे निराळेच.

व्यक्तिनामांची स्थिती याहून बिकट आहे. जुन्या महसुली नोंदींत आडनाव बहुधा नसते. ‘अमुक बिन तमुक’, ‘अमुक वल्लद तमुक’, स्त्री असल्यास ‘कोम अमुक’ अशी नोंद असते. आडनावावरून पूर्वज शोधू पाहणाऱ्या आजच्या वारसाला त्यामुळे दप्तर मुके वाटते.

ही चर्चा केवळ भाषिक कुतूहलाची नाही. इंग्रजी अमलात साष्टीतील अनेक गावे कौलाने खाजगी धारकांकडे गेली होती. बैरामजी जीजीभाई यांना १८३० मध्ये मिळालेली सात गावे हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १९५१ च्या साष्टी इस्टेटी (जमीन महसूल माफी रद्द करणे) अधिनियमाने ही व्यवस्था संपविली. या इस्टेटींतील जी पडीक जमीन कौलाच्या अटींप्रमाणे धारकाची नव्हती ती, आणि जी धारकाची असूनही १४ ऑगस्ट १९५१ पूर्वी उपयोगात वा लागवडीखाली आणलेली नव्हती तीही, सरकारजमा झाली. एखाद्या वर्षी एखाद्या तुकड्यात भात होते की गवत, ही गावकामगाराने सहज टिपलेली बाब अशा रीतीने स्वामित्वाचा पुरावा ठरली. जातीच्या दाखल्याचेही तसेच. इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. वेसाव्याच्या वा गोराईच्या कोळी कुटुंबातील विद्यार्थ्याचा प्रवेश आजोबांच्या जन्माच्या एका ओळीवर अवलंबून असतो, आणि ती ओळ महापालिकेच्या विभाग कार्यालयात शोधावी की तहसिलीतील गाव नमुना १४ मध्ये, हे आजोबांचे जन्मवर्ष व हद्दवाढीचे वर्ष यांच्या तुलनेवरूनच ठरते.

आता मागणीविषयी. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे दुय्यम निबंधकाकडील पुस्तक क्रमांक १ व २ आणि पहिल्याची सूची कोणासही फी भरून पाहता येते व नक्कल घेता येते. मृत्युपत्रांच्या पुस्तकाला मात्र वेगळा नियम आहे. सात-बारा व फेरफार तलाठी-तहसीलदारांकडे, मिळकत पत्रिका नगर भूमापन अधिकाऱ्याकडे. माहितीच्या अधिकाराचा अधिनियम २००५ चा असला, तरी महाराष्ट्राने तत्पूर्वीच, २००२ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता. आजच्या अर्जास दहा रुपये शुल्क व तीस दिवसांची मुदत आहे; चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठविणे बंधनकारक आहे. तथापि हा कायदा अस्तित्वात असलेला कागद देववितो, नवा मजकूर तयार करवीत नाही. ‘आजोबांच्या जमिनीचे काय झाले’ या प्रश्नास म्हणून उत्तर मिळत नाही. ‘मौजे एक्सर, तालुका बोरिवली, सर्व्हे नंबर व हिस्सा अमुक, फेरफार क्रमांक तमुक, याची प्रमाणित नक्कल’ या मागणीस मिळते. सात-बारावर वर्तुळात लिहिलेले आकडे हे फेरफारांचे क्रमांक होत. त्यांच्या आधारे एकेक पायरी मागे जाता येते. जुना सर्व्हे नंबर नव्या नगर भूमापन क्रमांकाशी जेथे जुळत नाही, तेथे कमीजास्त पत्रक व आकारफोड मागवावी लागते.

‘अभिलेख उपलब्ध नाही’ हे उत्तर अंतिम समजण्याची घाई करू नये. तो नियमाने नष्ट झाला असेल, जुन्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातून आलाच नसेल, किंवा शेजारच्या गावाच्या गठ्ठ्यात असेल. यांपैकी काय घडले हे लेखी विचारण्याचा अर्जदारास अधिकार आहे. ज्या शासनाने एका शतकात हद्दी इतक्या वेळा हलविल्या, त्यानेच जुन्या-नव्या नावांचा व कचेऱ्यांचा तुलनात्मक तक्ता प्रत्येक तहसिलीत लावावयास हवा होता. तो शोध आज नागरिकाच्या माथी आहे. महाभूलेख या संकेतस्थळावरही सामान्यतः जिल्हा व तालुक्यानंतर गाव निवडावे लागते.

गावठाणात तर ही वाटही खुंटते. मूळ मोजणी शेतांची व आकारणीसाठी झाली. गावठाण आकारणीबाहेरचे म्हणून त्याच्या आतील घरांना स्वतंत्र सर्व्हे नंबर पडले नाहीत. पुढील नगर भूमापनात जेथे घराची नोंद झाली नाही, तेथील कुटुंबाला कोणत्या क्रमांकाची नक्कल मागावी हेच सांगता येत नाही. घरपट्टीची पावती, मतदार यादी, चर्चमधील बाप्तिस्म्याचे पुस्तक, शाळेच्या पटावरील नाव अशा विखुरलेल्या कागदांतून त्याला आपले घर सिद्ध करावे लागते, आणि यांपैकी चर्चचे पुस्तक तर सार्वजनिक अभिलेखांत मोडतच नाही.